नवजात बाळासाठी मोटरचा पाळणा: वापरानंतरचे परीक्षण

गेल्या काही वर्षांत बारशाच्या आहेरात वाळे आणि बिंदल्यांच्या जोडीला एक नवी वस्तू दिसू लागली आहे, ती म्हणजे विजेवर चालणारा पाळणा. लोखंडी नळ्यांचा उभा सांगाडा, त्याला टांगलेली कापडी झोळी, वर बसवलेली लहानशी मोटर, मच्छरदाणी आणि सोबत रिमोट, असे त्याचे साधारण स्वरूप असते. आमच्याकडे आला तो पाळणा याच प्रकारचा आणि मध्यम किमतीचा होता. कंपनीचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. पुढे जे गुणदोष मांडले आहेत त्यांतले बहुतेक या रचनेतूनच आलेले आहेत, आणि विकत घेऊ पाहणाऱ्यालाही एखाद्या छापापेक्षा त्या रचनेची माहिती अधिक उपयोगी पडेल.

खोक्यावर दोन आश्वासने छापलेली होती. बाळ पटकन झोपी जाईल हे पहिले, आणि बाळाला रात्रीच्या झोपेची सवय लागेल हे दुसरे. ही दोन्ही एकाच दमात सांगितली जातात, म्हणून ऐकणाऱ्याला ती एकच वाटतात. वास्तविक बाळाला झोप लागणे आणि बाळाला दिवस-रात्र कळू लागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पाळणा पहिले काम बऱ्यापैकी करतो. दुसऱ्या कामाशी त्याचा जवळजवळ काही संबंध नाही, आणि काही सुविधा तर त्या कामात अडथळाच आणतात.

आधी जमेची बाजू. झोक्याने बाळ शांत होते हे कोणत्याही आजीला सांगावे लागत नाही, पण आता त्याला प्रयोगाचाही आधार आहे. जपानमधील राइकेन संस्थेत कुमी कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये २१ बाळांच्या निरीक्षणांवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. रडणाऱ्या बाळाला उचलून घेऊन चालले किंवा हलत्या पाळण्यात ठेवले, तर त्याचे रडणे ओसरते आणि हृदयाचे ठोके संथ होतात. नुसते मांडीवर घेऊन बसल्याने किंवा स्थिर पाळण्यात ठेवल्याने तसे होत नाही, असे त्यांना आढळले. आमच्या पाळण्याच्या तीन वेगांपैकी सर्वांत संथ वेगच नवजात बाळाला योग्य वाटला. मधला वेग मोठ्या बाळासाठी चालेल. तिसरा कशासाठी ठेवला आहे हे मला अखेरपर्यंत उमगले नाही.

ज्या बाळंतिणीचे सिझेरियन झाले आहे आणि जिला वारंवार वाकणे-उचलणे जमत नाही, तिला हा यांत्रिक झोका खरोखरच मोठा दिलासा असतो. पूर्वी पाळण्याची दोरी ओढायला घरात कुणी ना कुणी असे. आता सासूबाई गावी परतल्या आणि नवऱ्याची रजा संपली की दोरी ओढणारे कुणी उरत नाही. तेवढ्या वेळात बाळंतिणीला गरम गरम जेवता येणे, तिची अंघोळ निवांत होणे, ही या वस्तूची खरी किंमत आहे. मच्छरदाणीही चांगली निघाली. तिची चेन सर्व बाजूंनी नीट बंद होते आणि जाळी बारीक असूनही वारा अडत नाही. पुण्यात पावसाळ्यात डेंगीच्या बातम्या घरोघरी ऐकू येतात, आणि डेंगीचा डास दिवसा चावतो. अशा वेळी एवढ्या एका भागासाठीसुद्धा पाळणा उपयोगी आला असे म्हणता येईल.

आता दिवस-रात्रीच्या प्रश्नाकडे वळतो. नवजात बाळ चोवीस तासांत साधारण १४ ते १७ तास झोपते, पण ती झोप तुकड्यातुकड्यांची असते. दर दोन-तीन तासांनी भूक लागते, म्हणजे चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजावे लागते, आणि पोटाला घड्याळ कळत नाही. गर्भात असताना आईच्या शरीरातले मेलॅटोनिन हे झोपेचे संप्रेरक वारेतून बाळापर्यंत पोहोचते. जन्मानंतर तो पुरवठा थांबतो, आणि बाळाच्या स्वतःच्या शरीरात या संप्रेरकाचा रात्री वाढण्याचा आणि दिवसा उतरण्याचा क्रम दिसू लागायला साधारण दोन ते तीन महिने जावे लागतात. तोपर्यंत बाळाने रात्र उलटी केली, म्हणजे दिवसभर गाढ झोपून रात्री टक्क डोळे उघडे ठेवले, तर त्यात कुणाची दृष्ट लागलेली नसते आणि आईच्या खाण्यापिण्यातही काही चुकलेले नसते. हे अंतर्गत घड्याळ घडते ते मुख्यतः उजेड आणि अंधार यांच्या फरकावर. पाळण्याचा झोका मात्र दुपारी दोन वाजता आणि पहाटे दोन वाजता अगदी एकसारखाच असतो.

याचा प्रत्यय पाळण्याच्या जागेवरून आला. तो जोडून द्यायला आलेल्या माणसाने रिवाजाप्रमाणे आतल्या खोलीत मांडला, कारण बाळंतिणीची खोली तीच होती आणि विजेचे बटणही पलंगाशेजारी होते. आपल्याकडे बाळंतिणीची खोली कशी असते हे निराळे सांगायला नको. वारा लागू नये म्हणून खिडक्या लावलेल्या, पडदे ओढलेले, शेक-शेगडीची ऊब, आणि सव्वा महिना आई-बाळ दोघांनी उंबरठा ओलांडायचा नाही असा दंडक. बाळंतिणीला विश्रांती मिळावी आणि बाहेरच्या माणसांपासून बाळाला संसर्ग होऊ नये, हे या दंडकामागचे शहाणपण मला पूर्णपणे मान्य आहे. पण अशा खोलीत सकाळी अकरा आणि रात्री अकरा यांत बाळाच्या दृष्टीने फरक तो काय राहतो? दिवस जिथे दिसतच नाही, तिथे बाळाने रात्र ओळखावी कशी?

न्हाऊ घालणाऱ्या मावशी सकाळी येऊन तेल लावून, कढत पाण्याने अंघोळ घालून, दुपट्यात गुंडाळून बाळाला निजवून जात. त्यानंतर बाळ दिवसातली सर्वांत लांब झोप काढी, आणि तीही अंधारात. मावशींच्या हातांविषयी माझी काहीच तक्रार नाही. फक्त धुरीला आम्ही नम्रपणे नकार दिला, कारण ओवा-वेखंडाची असली तरी धूर हा धूरच असतो आणि नवजात फुप्फुसांना तो सोसत नाही. पुढे पाळणा आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत, गॅलरीच्या दाराजवळ पण थेट ऊन पडणार नाही अशा जागी हलवला. दिवसा पडदे उघडे, कुकरच्या शिट्ट्या, दारावरची बेल, भाजीवाल्याची हाक हे सगळे नेहमीसारखे चालू ठेवले. बाळ त्यातही झोपतच होते, पण झोपेचे तुकडे हळूहळू लहान झाले, आणि पुढच्या काही आठवड्यांत रात्रीचा एक तुकडा लांबू लागला. हा बदल बाळाच्या वयामुळे आपोआपही आला असणार, त्यामुळे सगळे श्रेय गॅलरीला देण्याचे कारण नाही. तरीही इंग्लंडमधल्या लिव्हरपूल येथे झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा ते बारा आठवड्यांची जी बाळे रात्री चांगली झोपत होती, त्यांना दुपारच्या सुरुवातीच्या तासांत इतरांपेक्षा अधिक उजेड मिळत असल्याचे दिसले होते. मोटरचे बटण न दाबताही पाळण्याचा जो उपयोग झाला तो असा, की तो चाकांवर होता आणि उजेडाकडे ढकलता आला.

रात्रीच्या बाबतीत या पाळण्याची रचना मला सदोष वाटते. सांगाड्याच्या वरच्या आडव्या नळीवर एक निळसर दिवा आहे आणि मोटर चालू होताच तो आपोआप लागतो. रिमोटवर तो विझवण्याचे बटण नाही. मेंदूला ‘दिवस उजाडला’ असे कळवणाऱ्या डोळ्यांतील पेशी निळ्या उजेडालाच सर्वाधिक प्रतिसाद देतात, तेव्हा रात्रीच्या वस्तूवर नेमका निळा दिवा बसवण्याची कल्पना कुणाला सुचली असेल याचे नवल वाटते. आम्ही त्यावर काळी चिकटपट्टी लावली आणि खोलीत जमिनीलगत एक मंद तांबूस दिवा ठेवला. रात्री पाजताना बोलायचे नाही, बाळाशी खेळायचे नाही, दुपटे ओले किंवा घाण झाले असेल तरच बदलायचे, ढेकर काढायची आणि पुन्हा निजवायचे, एवढाच क्रम पाळला. रात्रीपुरता कापडी लंगोटाऐवजी डायपर वापरला, कारण ओल्या लंगोटाने बाळ भुकेआधीच जागे होत असे. या कोणत्याही गोष्टीला पाळण्याची गरज लागली नाही.

जाहिरातीत सर्वांत ठळकपणे मिरवलेली सुविधा म्हणजे रडण्याचा आवाज ओळखून आपोआप सुरू होणारा झोका. सावधगिरीचा इशारा द्यायचा झाला तर तो मी याच सुविधेबद्दल देईन. नवजात बाळाची निम्म्याच्या आसपास झोप ही चुळबुळीची झोप असते. तीत पापण्यांखाली बुबुळे हलतात, हातपाय झटकले जातात, बाळ कण्हते, कधी क्षणभर रडतेही, आणि कुणी हात लावला नाही तर पुष्कळदा पुन्हा शांत होते. झोपेचे असे एक आवर्तन ५० ते ६० मिनिटांत पूर्ण होते. यंत्राला हे कण्हणे आणि खरे रडणे यांतला फरक कळत नाही. त्यामुळे जे बाळ स्वतःहून पुढच्या आवर्तनात सरकले असते, त्याला मध्येच झोका मिळतो आणि प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी तो मिळण्याची सवय लागते.

याहून गंभीर बाब भुकेची आहे. भूक लागलेले बाळ आधी ओठ चाटते, मूठ तोंडाकडे नेते, मान वळवून स्तन शोधते. रडणे ही भुकेची शेवटची खूण असते. त्या खुणेलाही झोक्याने उत्तर मिळाले तर बाळ दमून झोपी जाते आणि एक पाजणे चुकते. पहिल्या दोन आठवड्यांत, जन्मवेळचे वजन भरून येईपर्यंत, झोपलेल्या बाळालाही वेळ झाली की उठवून पाजावे असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. बाळाला कावीळ असेल तर त्याची सुस्ती आधीच वाढलेली असते आणि पाजण्याची गरजही अधिक असते. अशा दिवसांत रडणे दडपणारे यंत्र ही सोय म्हणता येणार नाही. सुदैवाने ही सुविधा बंद करता येते. ती पहिल्या दिवसापासून बंद ठेवावी आणि किमान बाळाचे वजन नीट वाढू लागेपर्यंत चालू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाळण्यासोबत संगीताची एक डबीही आहे. तिच्यात परदेशी धाटणीच्या काही धून आणि पावसाच्या, हवेच्या आवाजांचे पर्याय आहेत. अखंड एकसुरी आवाजाने बाळे शांत होतात हे खरे असले तरी डबी बाळाच्या डोक्याजवळच अडकवलेली असते, ही त्यातली अडचण आहे. टोरांटोमधील संशोधकांनी २०१४ मध्ये अशी १४ यंत्रे तपासली. पूर्ण आवाजात आणि ३० सेंटिमीटर अंतरावर त्या सर्वांनी रुग्णालयांच्या नवजात कक्षांसाठी सुचवलेली ५० डेसिबलची मर्यादा ओलांडली, आणि तिघांचा आवाज ८५ डेसिबलच्याही वर गेला. आमच्या पाळण्याची डबी काढून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवता आली, म्हणून हा दोष निभावून गेला. ज्या पाळण्यांत ती सांगाड्यातच पक्की बसवलेली असते ते घेऊ नयेत. अंगाई म्हणायला डबीच लागते असेही काही नाही.

आता झोळी. बाळाला रात्रभर कुठे निजवावे या प्रश्नाला या परीक्षणात सर्वाधिक जागा द्यायला हवी, कारण विकणारे त्यावर सर्वांत कमी बोलतात. कापडी झोळी वजनाने मध्ये खोल जाते. त्यामुळे बाळाची पाठ कमानीसारखी वाकते आणि हनुवटी छातीला टेकण्याचा संभव असतो. नवजात बाळाला मान सावरता येत नाही आणि त्याची श्वासनलिका मऊ व अरुंद असते, म्हणून हनुवटी छातीवर दबली तर श्वास अडखळू शकतो आणि त्याचा आवाजही होत नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२२ मध्ये सुधारलेल्या सूचनांनुसार बाळाला नेहमी पाठीवर, सपाट आणि घट्ट पृष्ठभागावर, जवळ उशी, लोड किंवा मऊ खेळणी न ठेवता निजवावे. झोक्यात किंवा अर्धवट बसवणाऱ्या आसनात बाळ झोपी गेले, तर त्याला उचलून सपाट जागी ठेवावे. तिरप्या पाळण्यांचा धोका नुसता कागदोपत्री नाही. फिशर-प्राइस कंपनीला एप्रिल २०१९ मध्ये आपले सुमारे ४७ लाख तिरपे पाळणे अमेरिकेत परत मागवावे लागले, कारण त्यांच्याशी तिसाहून अधिक बालमृत्यूंचा संबंध आढळला होता. पुढे तेथे १० अंशांहून अधिक उतार असलेल्या बाळांच्या झोपेच्या वस्तूंवर कायद्यानेच बंदी आली.

आमच्या पाळण्यासोबत एक मऊ गादी, दोन छोटे लोड आणि मोहरीची उशी भेट म्हणून आली होती. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी द्यायची ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि घरातल्या मोठ्यांचा त्यावर जीव असतो. तरी ती झोपेच्या जागी नको. डोक्याला गोलाई हवी असेल तर बाळ जागे असताना, कुणाच्या देखरेखीखाली, त्याला थोडा वेळ पोटावर ठेवण्याचा उपाय आहे. आम्ही लोड आणि उशी दोन्ही बाजूला काढली, झोळीच्या तळाशी कंपनीकडूनच मिळणारी कडक सपाट पाटी बसवून घेतली, आणि तरीही रात्रीची झोप आमच्या खोलीतल्या वेगळ्या सपाट अंथरुणावरच ठेवली. पाळण्यात बाळाचा डोळा लागला की त्याला उचलून तिथे नेत असू. उचलताच जागे होण्याची तक्रार जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येते. वर उल्लेखलेल्या जपानी अभ्यासातला एक तपशील येथे कामी आला. झोप लागल्यावर बाळाला लगेच खाली न ठेवता आणखी पाच ते आठ मिनिटे मांडीवर घेऊन बसले, तर ते जागे होण्याचे प्रमाण कमी होते. सगळ्याच रात्री ते साधले असे नाही, पण साधत असे.

गुंडाळण्याबद्दलही एक वाक्य लिहायला हवे, कारण झोळीत बाळ दुपट्यात घट्ट बांधूनच ठेवण्याची पद्धत आहे. हात आवळून बांधले तर दचकून जागे होणे कमी होते, परंतु पाय सरळ ताणून बांधल्यास कमरेच्या सांध्याला इजा पोहोचू शकते. म्हणून पायांना दुमडायला मोकळीक असावी, आणि बाळ कुशीवर वळण्याची धडपड करू लागले की गुंडाळणे पूर्ण थांबवावे. पाळण्याचा वापरही त्याच सुमारास थांबवावा. माहितीपत्रकात वजनाची मर्यादा १५ किलो लिहिली आहे, पण ती लोखंडाची मर्यादा आहे, बाळाच्या सुरक्षिततेची नव्हे.

बाकी गोष्टी किरकोळ आहेत. मोटरचा आवाज पंख्याच्या आवाजात मिसळून जातो. वीज गेल्यावर चालणारी बॅटरी सोबत मिळते आणि ती बऱ्यापैकी टिकते. फक्त वीज जाण्याच्या आणि बॅटरी सुरू होण्याच्या मध्ये पाळणा एकदा गचका देतो. रिमोट सुरुवातीलाच बिघडला. सेवा केंद्राने तो बदलून दिला, पण त्यासाठी आठवडाभर फोन करावे लागले आणि दर वेळी सगळी हकिकत पहिल्यापासून सांगावी लागली. हमी मोटरपुरतीच आहे, कापडाला नाही.

किमतीचा विचार करता ही वस्तू विकत घेण्यापेक्षा भाड्याने घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. तिचा उपयोग जेमतेम चार-पाच महिन्यांचा असतो आणि पुण्या-मुंबईत लहान मुलांचे सामान भाड्याने देणारे आता बरेच जण आहेत. भाड्याने घेताना सांगाड्याचे नटबोल्ट, झोळीच्या कड्यांची शिवण आणि मच्छरदाणीची चेन स्वतः ओढून पाहावी. जुळी बाळे असलेल्या, सिझेरियन झालेल्या किंवा दिवसभर एकट्या असणाऱ्या आईला मी हा पाळणा जरूर सुचवेन, तोही दिवसाच्या जागेपणी दहा-पंधरा मिनिटांचा हात म्हणून. बाळाची रात्र सुधारावी एवढ्याच हेतूने कुणी तो घेणार असेल, तर ते पैसे जाड पडदे आणि एक मंद तांबूस दिवा यांवर खर्चावेत, उरलेले बाजूला ठेवावेत. आणि विकतच घ्यायचा ठरला, तर दुसरी झोळी सोबत मागून घ्यावी. एकच झोळी असली की पावसाळ्यात ती धुऊन वाळेपर्यंत नुसता सांगाडा जागा अडवून उभा राहतो.